हातचे हुन्नर : चावी फिरली, गाडी गप्प



मागच्या अंकात छताच्या पंख्याच्या कंडेन्सरविषयी लिहिले, तर आलेल्या पत्रांत पंखा राहिला बाजूला आणि निम्म्या लोकांनी गाडीचेच विचारले. कारण उघड आहे. एके काळी आपल्या वस्तीत गाडी म्हणजे साहेबाची, आपला माणूस फार तर तिचा ड्रायव्हर. आता गल्लीगल्लीत पतपेढीचे नाहीतर फायनान्सचे कर्ज काढून घेतलेली जुनी टॅक्सी, छोटा टेम्पो, शाळेची व्हॅन उभी असते. ती सकाळी सुरू झाली नाही तर नुसती गैरसोय होत नाही. त्या दिवसाची कमाई जाते आणि हप्त्याची तारीख काही पुढे सरकत नाही.

म्हणून आज गाडी. तीही पुस्तकातली नव्हे, माझ्या थोरल्या बहिणीच्या दारातली.

अक्का कल्याण पूर्वेला राहते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, शाळेची व्हॅन चालवतो. व्हॅन जुनी घेतलेली, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालणारी. अशोक विजयादशमीला सगळे घर रेल्वेने नागपूरला दीक्षाभूमीवर गेले, तिथून अक्काच्या नणंदेकडे वर्ध्याला. पाच दिवस व्हॅन चाळीसमोर उभी. शाळेच्या फेऱ्या तेवढ्यापुरत्या भाच्याच्या मित्राने सांभाळल्या. परत आल्यावर सोमवारी पहाटे भाच्याने चावी फिरवली, तर टक्. पुन्हा फिरवली, टक्. तिसऱ्यांदा तेवढाही आवाज नाही.

नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने येऊन बॉनेट उघडले, एकदा चावी फिरवून पाहिली आणि निकाल दिला, "सेल्फ गेला." साडेचार हजार रुपये. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मिळाली आणि एका चावीत सुरू झाली. मधल्या दोन दिवसांत दोन मुलांच्या आईवडिलांनी दुसरी व्हॅन ठरवली. ती मुले परत आली नाहीत.

शेजारच्या काकूंनी मायेपोटी सांगितले की गाडीला दृष्ट लागली आहे, शनिवारी लिंबू-मिरची बांधा. अक्का म्हणाली, "आमच्या घरात २२ प्रतिज्ञा घेतल्यात. लिंबू आम्ही पोह्यांवर पिळतो." अक्काचे बरोबरच होते. गंमत अशी की लिंबाला नाही म्हणणाऱ्या याच घराने गॅरेजवाल्याचा शब्द मात्र न तपासता खरा मानला. केसपुत्ताच्या कालामांना भगवंतांनी जो सल्ला दिला, कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा, तो विहारात बसून ऐकायला सोपा आहे. बॉनेटखाली तो आठवायला हवा.

डिसेंबरात पुन्हा तेच. ६ डिसेंबरच्या निमित्ताने भाचा चार दिवस शिवाजी पार्कवर भोजनदानाच्या मंडपात राबत होता. परत येऊन पहाटे चावी फिरवली, तर नुसते टक-टक-टक-टक. चाळीतल्या पोरांनी धक्का मारला, दुसऱ्या गिअरवर गाडी घेतली, मुले अर्धा तास उशिरा शाळेत पोचली. गॅरेजवाल्याने या वेळी सांगितले की बॅटरी आणि डायनामो दोन्ही बदलावे लागतील, अकरा हजार. भाच्याने दुपारी मला फोन केला. आवाजावरूनच समजले की पैसे कुणाकडून तरी उसने घ्यायचा विचार चालला आहे. मी म्हटले, "एक दिवस थांब. मी मीटर घेऊन येतो."

मी एस.टी.च्या डेपोत गाड्यांच्या वायरिंगवर आयुष्य काढले. तिथे एक गोष्ट पक्की शिकलो. गाडी सुरू होत नाही, ही तक्रार झाली. तो बिघाड नव्हे. अंग गरम आहे म्हटल्याने आजार कळत नाही, तसेच हे.

चावी फिरवली की दोन निरनिराळी कामे होतात, हे आधी डोक्यात पक्के करा. पहिले काम म्हणजे बॅटरीच्या ताकदीवर स्टार्टर, ज्याला आपण सेल्फ म्हणतो, तो इंजिन गरगर फिरवतो. दुसरे म्हणजे फिरणाऱ्या इंजिनात इंधन आणि ठिणगी पोचून ते आपल्या आपण चालू लागते, म्हणजे गाडी ‘घेते’. इंजिन फिरतच नसेल तर पेट्रोल, प्लग, फिल्टर यांच्या नादी लागू नका. इंजिन जोमात फिरते आहे पण घेत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ यांना हात लावू नका. एवढी एक वाटणी केली तरी निम्मा खर्च वाचतो.

मग कान द्या. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर एकही दिवा नाही, हॉर्न नाही, तर बॅटरी पार उतरली आहे, तिची तार निसटली आहे किंवा मुख्य फ्यूज गेला आहे. टक-टक-टक असा भराभर आवाज म्हणजे बहुधा उतरलेली बॅटरी नाहीतर बॅटरीच्या टोकांवरचा सैल, गंजलेला जोड. एकच मोठा टक् होऊन पुढे काही नाही, तर बॅटरी, जोड किंवा सेल्फ, तिघांपैकी कोणीही असेल. खर्र… खर्र… असे जड फिरले तर बॅटरीला दम नाही किंवा इंजिनाची अर्थिंगची पट्टी सैल आहे. आणि सेल्फ सुर्र करून नुसताच फिरतो, इंजिन जागचे हलत नाही, तर सेल्फचा दात इंजिनाच्या चक्राला लागत नाही. तिथे खरोखरच सेल्फ उतरवावा लागतो.

मीटर नसेल तर हेडलाइटची युक्ती करा. रात्री किंवा भिंतीसमोर हेडलाइट लावून चावी फिरवा आणि दुसऱ्याला उजेडाकडे पाहायला सांगा. उजेड विझल्यासारखा मंद झाला तर दोष बॅटरीत किंवा तिच्या जोडांत असण्याचा संभव जास्त. उजेड तसाच लख्ख राहिला आणि इंजिन हललेही नाही, तर बॅटरी ठीक आहे, करंट सेल्फपर्यंत पोचत नाही किंवा सेल्फ तो घेत नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर दांडी ‘पी’ किंवा ‘एन’वर आहे का ते आधी बघा. काही नव्या गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ फिरवू देत नाहीत. यात लाजण्यासारखे काही नाही, डेपोतल्या जुन्या ड्रायव्हरांचीही अशी फजिती झालेली मी पाहिली आहे.

संध्याकाळी अक्काकडे पोचलो. भाच्याची मुलगी, माझी नात, आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुटीत हात बसावा म्हणून ती एका गॅरेजात गेली होती. तिथे तिला चहा आणायला आणि हिशेब लिहायला सांगितले, म्हणून चार दिवसांत सोडून आली. मी मीटर तिच्याच हातात दिला आणि स्वतः टॉर्च धरून उभा राहिलो.

बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे आत सहा कप्पे, प्रत्येकी साधारण दोन व्होल्टचे. पूर्ण भरलेली, तासभर निवांत असलेली बॅटरी मीटरवर १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली की रिकामीच समजा. मीटरवर ११.९ आले. भाच्याने चावी फिरवली. इंजिन खर्र… खर्र करत जड फिरले, आकडा ८.७ पर्यंत घसरला आणि कशीबशी गाडी घेतली. सेल्फ फिरताना आकडा साडेनऊच्या खाली जाता कामा नये. म्हणजे बॅटरीत जोर नव्हता, हे खरे.

आता डायनामो. इंजिन चालू असताना त्याच दोन टोकांवर मीटर लावला, तर १४.१. डायनामो बॅटरी भरतो आहे की नाही, हे पाहायला एवढेच लागते. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा असला तर तो आपले काम करतो आहे. नातीने आकडा मोठ्याने वाचला आणि बापाकडे पाहिले. अकरा हजारांतला डायनामो तिथेच निकाली निघाला.

गाडी बंद करून बॅटरीची टोके पाहिली. त्यांच्यावर पांढरट-हिरवी भुकटी चढलेली. दहा नंबरचा पाना घेतला. आधी उणे खुणेची तार सोडायची, मग अधिकची. बसवताना उलट, उणे शेवटी. हा क्रम चुकवू नका, कारण अधिकच्या टोकावरचा पाना चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून टोके धुतली, कोरडी केली, घासली. बॅटरी काढून रात्रभर चार्जिंगला दिली. सकाळी आणून बसवली, तार घट्ट आवळली, वरून थोडे व्हॅसलीन लावले. तासाभराने मीटर १२.६. सेल्फ मारताना १०.२. एका चावीत गाडी सुरू.

म्हणजे बॅटरी मेलेली नव्हती. डायनामो ठीक. सेल्फ ठीक. मग चार दिवसांत बॅटरी उतरते कशी?

मी भाच्याला विचारले, "दसऱ्याच्या आधी गाडीत नवीन काय बसवलंस? टेप, हॉर्न, कॅमेरा?"

"काही नाही मामा. शप्पथ."

दोन्ही वेळा गाडी उभी राहिल्यावरच रुसली होती. रोज फिरत होती तोवर तक्रार नव्हती. याचा अर्थ उभ्या गाडीतून कोणीतरी करंट पीत होते आणि रोजच्या फेऱ्यांत डायनामो तो खड्डा भरून काढत होता. ऑक्टोबरात गॅरेजवाल्याने सेल्फ बदलला तेव्हा बॅटरीही रात्रभर चार्जिंगला लावली होती. औषध तेच होते, बिल मात्र सेल्फचे झाले. जुना सेल्फ खराब होता की नाही, ते आता कधीच कळणार नाही. भाचा मागायला गेला तेव्हा तो केव्हाच भंगारात गेला होता. गॅरेजवाला लबाड होता असे मी म्हणत नाही. त्याने मोजले नाही, एवढेच मला ठाऊक आहे.

करंटची गळती शोधायची रीत सांगतो. चावी काढून ठेवायची, दारे लावायची, दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, कारण आजच्या गाड्यांतली यंत्रे लगेच झोपत नाहीत. मग बॅटरीची उणे तार सोडून, त्या तारेच्या आणि बॅटरीच्या टोकाच्या मध्ये मीटर लावायचा. मीटरची लाल तार दहा अँपिअरच्या भोकात हवी. मीटर असा जोडलेला असताना चावी अजिबात फिरवायची नाही, नाहीतर सेल्फचा शंभरावर अँपिअरचा करंट दोन-तीनशे रुपयांच्या मीटरमधून जायला बघेल. आरोग्य ठीक असलेल्या गाडीत आकडा ०.०५ अँपिअरच्या आत असावा. आमच्या मीटरवर आला ०.३१.

नातीने एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. ज्या फ्यूजला आकडा खाली येईल, त्या वाटेवर चोर. टेपचा काढला, ०.३१. आतल्या दिव्याचा काढला, ०.३१. हॉर्न, वायपर, सगळे झाले. आतली पेटी रिकामी, आकडा तिथेच. ती थांबली. मग मला म्हणाली, "आजोबा, एवढे फ्यूज काढूनही जातोय म्हणजे ही वायर फ्यूजमधून येतच नाही." आणि बॅटरीच्या अधिकच्या टोकापाशी टॉर्च फिरवून तिने एक बारीक लाल वायर पकडली. ती वायर रबराच्या भोकातून आत, डॅशबोर्डवरच्या चटईखालून थेट पुढच्या काचेपाशी जात होती.

तिथे बाबासाहेबांची छोटी तसबीर होती आणि तिच्या चौकटीभोवती निळ्या एलईडीची पट्टी.

अशोक विजयादशमीच्या आठ दिवस आधी भाच्याने ती स्वतःच्या हाताने लावली होती. दिवसा उन्हात ती पेटलेली कळतही नव्हती. रात्री मात्र साऱ्या चाळीला तो निळा उजेड दिसायचा आणि लोक कौतुक करायचे. ‘नवीन काय बसवलंस’ या प्रश्नाला तो दिवा त्याच्या ध्यानात आला नाही, आणि तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या लेखी ते गाडीचे सामान नव्हतेच. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पेटत होता आणि हिशेबात कोणाच्याच नव्हता.

हिशेब असा. ०.३ अँपिअर गुणिले २४ तास, म्हणजे दिवसाला ७.२ अँपिअर-तास. पाच दिवसांचे ३६. अशा लहान गाडीची बॅटरी असते साधारण ३५ अँपिअर-तासांची. नातीने मोबाइलवर नाही, बोटांवर हा गुणाकार केला आणि बापाकडे न बघता फ्यूज परत लावत बसली.

अक्का दारात उभी राहून सगळे ऐकत होती. म्हणाली, "तो दिवा मीच लावायला सांगितला होता. रात्री झोप लागत नाही तेव्हा खिडकीतून दिसतो. तो आता विझवायचा म्हणता?"

कोणी काही बोलले नाही. राजकारणातल्या भक्तीविषयी बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिलेला इशारा माझ्या ओठांवर आला होता. पण तो भक्तीचा विषय वेगळा आणि पाठच्या भावाने मोठ्या बहिणीला ऐकवायचा तर मुळीच नव्हे. शिवाय दोष तसबिरीचा नव्हता, उजेडाचाही नव्हता. दोष वायर कुठून घेतली याचा होता. मी तेवढेच सांगितले. आणि आणखी एक सांगितले, जे करंटच्या गळतीपेक्षा गंभीर आहे. बॅटरीवरून थेट घेतलेल्या वायरीला मध्ये फ्यूज नव्हता. चटईखाली कुठे ती घासून पत्र्याला लागली असती तर वायर तापून आग लागली असती, आणि या गाडीत सकाळ-संध्याकाळ दहा-बारा लेकरे बसतात. हे ऐकल्यावर अक्का आत गेली.

नातीने जुनी वायर उपटली. चावी दिल्यावरच जिच्यात करंट येतो अशी तार शोधून तिच्यावरून नवी वायर घेतली, सुरुवातीलाच २ अँपिअरचा फ्यूज घातला. आता गाडी चालू असली की तसबिरीभोवती उजेड, चावी काढली की बंद. पुन्हा मीटर लावला, ०.०२.

हे झाले न फिरणाऱ्या इंजिनाचे. इंजिन जोरात फिरते पण घेत नाही, तेव्हाचे थोडे सांगतो, कारण तिथेही पैसे उगाच जातात. सीएनजीवाल्यांनी हे नीट वाचावे. बऱ्याच सीएनजी गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होतात आणि मग आपोआप गॅसवर जातात. पेट्रोल महाग म्हणून आपले ड्रायव्हर बंधू टाकीत तळाला लागेल इतकेच पेट्रोल ठेवतात. पण पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवते. टाकी सतत कोरडी राहिली की पंप तापून जळतो. शंभराचे पेट्रोल वाचवून काही हजारांचा पंप घालवायचा, असा तो व्यवहार आहे. पंप जिवंत आहे का ते कळायची सोपी खूण म्हणजे सेल्फ न मारता चावी नुसती पुढे करा. बहुतेक गाड्यांत मागून दोन सेकंद बारीक घूं ऐकू येते. ते नसेल तर पंपाचा फ्यूज बघा. गॅसचा वास येत असेल तर मात्र सेल्फ मारूच नका. दारे उघडा, सिलिंडरची चावी बंद करा, माणसांना लांब न्या आणि जाणत्याला बोलवा.

डॅशबोर्डवर किल्लीचे किंवा कुलुपाचे चिन्ह लुकलुकत राहिले तर गाडीला तिची किल्ली ओळखू येत नाही. घरातली दुसरी किल्ली लावून पाहा. डिझेलच्या गाडीत ठिणगीचा प्लग नसतोच. थंडीच्या दिवसांत पिळलेल्या तारेसारखे चिन्ह पेटते ते विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारा. डिझेल संपून गाडी बंद पडली असेल तर नळीत हवा शिरलेली असते. नुसते डिझेल ओतून भागत नाही, हवा काढावी लागते. पावसाळ्यात उंदरांनी वायर कुरतडलेली असणे, हा विनोद नाही. बॉनेट उघडून टॉर्चने बघा.

सेल्फ एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. अर्धा मिनिट विसावा द्या, मग पुन्हा. धक्का मारायची वेळ आली तर रस्ता मोकळा हवा, कारण इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा कडक लागतो आणि स्टिअरिंगही जड होते. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू करायला जाऊ नका. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून घ्यायचे असेल तर लाल तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. मग काळी तार चांगल्या बॅटरीच्या उणेला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, शेवटची ठिणगी त्याच्याजवळ उडू नये म्हणून हा क्रम. त्याच कारणाने बॅटरीवर वाकून बिडी ओढणाऱ्याला आधी बाजूला करा, तो वयाने मोठा असला तरी. पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड पाणीच घाला, नळाचे नको आणि ॲसिड तर नकोच.

गॅरेजात जावे लागले तर भांडू नका. फक्त विचारा की मीटर लावला का आणि आकडा किती आला. बदललेला जुना भाग मागून घ्या, तो तुमचा आहे. बॅटरीचे वॉरंटी कार्ड रेशन कार्डाच्या पिशवीतच ठेवा. भाच्याची बॅटरी दोनदा पार उतरल्याने तिचे आयुष्य कमी झालेच असणार. शिसे-ॲसिडची बॅटरी पूर्ण रिकामी केलेली सोसत नाही. पण या महिन्यात तरी अकरा हजार उसने घ्यावे लागले नाहीत. गेलेली दोन मुले मात्र गेलीच.

अक्का माझ्याशी दोन दिवस नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. घरात भगवंतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे तिने कित्येक वर्षांपासून झिरोचा बल्ब लावलेला आहे, रात्रभर जळतो. म्हणाली, "त्याचं नावच झिरो आहे, म्हणजे तो काही खात नसेल ना रे?"

मी म्हटले, जुना तारेचा बल्ब असेल तर तो झिरो नाही अक्का, साधारण १५ वॅटचा आहे. रोज बारा तास म्हणजे महिन्याला पाच-साडेपाच युनिट. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग नातीला हाक मारून तिने वही-पेन्सिल मागवली आणि मला म्हणाली, "थांब, आता फ्रिजचं सांग."

फ्रिजचे पुढच्या अंकात. जयभीम.